चारातला तिसरा

९ ऑक्टोबर २०२४

नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या. माहीमचा हॉल, जुना पियानो, आणि सगळ्यांच्या हाती हँडेलच्या 'मसाया'तल्या 'हालेलुया' कोरसच्या प्रती. मी आल्टोंच्या रांगेत. कॉयर चालवणाऱ्या सरांनी पहिला अर्धा तास कुणाला गाऊ दिलं नाही. नुसत्या टाळ्या. एक, दोन, तीन, चार. आणि चारही सारख्या पडल्या की हात वर करून थांबवायचे. पहिली जड, दुसरी हलकी, तिसरी पहिलीहून कमी पण दुसरीहून जड, चौथी सगळ्यांत हलकी. "चारपर्यंत सगळेच मोजतात. तिसरीला तिचा मान द्या, मग ते संगीत होईल," असं ते म्हणाले. त्यांचं हे वाक्य मी प्रतीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे.

मग पहिला 'हालेलुया' त्यांनी फळ्यावर फोडून दाखवला. तो शब्द एका बारमध्ये बसतो. 'हा' पहिल्या मात्रेवर येतो आणि दीड मात्रा टिकतो. 'ले' दुसरीच्या उत्तरार्धात. 'लू' नेमका तिसरीवर. 'या' त्याच्या पाठोपाठ अर्ध्या मात्रेत, आणि चौथी मात्रा मोकळी, श्वासासाठी. म्हणजे लांबी पहिलीला दिली आणि शब्दाचा खरा आघात तिसरीला. एवढ्याशा बारमध्ये हँडेलने दोन खांब रोवले आहेत, आणि १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये पहिल्यांदा ऐकलेल्या या गाण्याचा सगळा डोलारा त्या दोन खांबांवर उभा आहे. शंभर गळे एकत्र आले तरी तो ढळत नाही याचं कारण मला आज त्या फळ्यावर दिसलं.

१३ ऑक्टोबर

भाची पियानो शिकते. सध्या तिच्यापुढे बाखचं सी मेजरमधलं प्रिल्यूड आहे, 'वेल टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या पहिल्या खंडातलं, १७२२ सालचं. सुरुवातीला, क्लेफच्या शेजारी, ४/४ च्या जागी इंग्रजी सीसारखं चिन्ह. यालाच कॉमन टाइम म्हणतात: एका बारमध्ये चार क्रॉचेट, म्हणजे चार मात्रा.

या प्रिल्यूडमध्ये दर बारमध्ये आठ सुरांची एक साखळी आहे. डाव्या हाताचे दोन सूर, उजव्याचे तीन, मग तेच तीन पुन्हा. आणि ही साखळी संपली की तीच साखळी जशीच्या तशी परत. भाचीने विचारलं, "मावशी, सगळं दोन-दोनदा का लिहिलंय?" मी तिला म्हटलं, दुसऱ्या साखळीचा पहिला सूर वाजवताना मोज. ती मोजायला लागली आणि तीनवर आली. मंद्र सूर बारमध्ये दोनदाच येतो, एकवर आणि तीनवर. तिच्या टीचरने दुसरी साखळी किंचित हळू आवाजात वाजवायला सांगितली आहे. ती तशी वाजली की नुसते एकसारखे टपटपणारे सूर राहत नाहीत, त्यांना चाल येते.

संपूर्ण रचना ३५ बारची. अखेरीस, ३३ आणि ३४ या दोन बारमध्ये बाख ही पुनरावृत्ती सोडून देतो. खालचा सूर धरून ठेवतो आणि वरची ओळ पूर्ण बारभर एका दमात फिरते. इतका वेळ कानाला तिसऱ्या मात्रेवर टेकायची सवय लागलेली असते, तो टेकू काढून घेतल्याबरोबर शेवट जवळ आल्याचं कळतं. एवढं मोठं काम त्याने एवढ्या थोडक्यात केलं आहे की आज मी तिला ते दोन बार पुन्हा पुन्हा वाजवायला लावले.

१९ ऑक्टोबर

त्या चिन्हाच्या मागे लागले आहे. ते अक्षर नाही. ते अर्धवट वर्तुळ आहे, आणि त्याचा पत्ता चौदाव्या शतकातल्या फ्रान्सचा.

त्याआधीची गोष्ट अशी. १२८०च्या सुमारास फ्रँको ऑफ कोलोनने सुरांच्या लांबीचे नियम बांधून दिले. त्यात मोठा सूर तीन भागांत विभागला की तो 'पूर्ण' मानायचा, कारण तीन ही त्रैक्याची, पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची संख्या. दोनांत विभागला तर 'अपूर्ण'. पुढे १३२०च्या आसपास फिलिप द व्हित्री आणि जाँ दे म्युरिस या दोघांच्या लेखनातून नवी पद्धत पुढे आली. व्हित्रीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'आर्स नोव्हा'वरून तर त्या साऱ्या काळालाच नाव मिळालं. या पद्धतीत दोनाची विभागणी तिनाच्या बरोबरीला येऊन बसली. पुढे या विभागण्यांना चिन्हं मिळाली. पूर्ण वर्तुळ म्हणजे ब्रीव्ह नावाच्या सुराचे तीन भाग. अर्धं वर्तुळ म्हणजे दोन भाग. वर्तुळात टिंब असेल तर प्रत्येक भागाचे पुन्हा तीन, टिंब नसेल तर पुन्हा दोन. सगळी मिळून चार चिन्हं. त्यातलं सर्वांत रिकामं चिन्ह म्हणजे टिंब नसलेलं अर्धं वर्तुळ, दोनाचे दोन-दोन, आणि तेच आज भाचीच्या पानावर आहे.

म्हणजे कॉमन टाइममधले चार हे चार सुटे भाग नाहीत. ते दोन गुणिले दोन आहेत. आधी बारचे दोन अर्धे झाले, मग प्रत्येक अर्ध्याचे दोन. तिसरी मात्रा म्हणजे दुसऱ्या अर्ध्याचं दार. सरांनी तिला मान का द्यायला लावला त्याचं उत्तर इतकं जुनं आहे.

पुढच्या शतकांत लहान सूर सावकाश गायले जाऊ लागले, त्यांना आणखी लहान सूर फुटले, आणि ब्रीव्हवर बेतलेलं सगळं गणित एकेक पायरी खाली सरकलं. चिन्ह मात्र टिकलं.

२० ऑक्टोबर

काल रात्री उशिरापर्यंत वाचत होते. या नव्या मोजणीला तेव्हा केवढा विरोध झाला! जाकोबस नावाच्या विद्वानाने 'स्पेक्युलम म्युझिके' हा सात खंडांचा ग्रंथ लिहिला आणि त्यातल्या शेवटच्या खंडात जुन्यांची बाजू घेऊन नव्यांना धारेवर धरलं. पोप जॉन बाविसावे तेव्हा आव्हीन्यॉंला राहत. त्यांनी १३२४-२५ मध्ये फर्मान काढलं की नवे लोक प्रार्थनेच्या गाण्याचे बारीक सुरांत तुकडे करतात, त्यात मूळ गाणं हरवतं.

मला जाकोबसची चीड समजते. तिनाची विभागणी गोल फिरते, तिच्यात एक ओढ असते, ती सोडून द्यायला कुणाचंही मन घेणार नाही. पण व्हित्रीनेही तीन टाकून दिले नव्हते. त्याच्या 'गारिट गॅलस' या मोटेटमध्ये काही सूर लाल शाईने लिहिलेले आहेत. काळे सूर तिनाचे, लाल सूर दोनाचे. एकाच गाण्यात दोन्ही चाली, आणि गायकाला नुसत्या रंगावरून कळायचं. हा माणूस पुढे १३५१ मध्ये मो या गावचा बिशप झाला. चर्चच्या आत राहून त्याने हे केलं, याचं मला फार मोल वाटतं.

२४ ऑक्टोबर

तालीम. सरांना विचारलं, बारच्या उभ्या रेघा नव्हत्या तेव्हा लोक लय कशी धरत? त्यांनी हात खाली केला, वर केला, एवढंच. याला टॅक्टस म्हणत. गाफुरियसने १४९६च्या 'प्रॅक्टिका म्युझिके'त त्याचं माप शांत श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीला जोडलं आहे. बारच्या नियमित रेघा सतराव्या शतकात रुळल्या. पण जड-हलकं हे रेघांच्याही आधीचं. इटलीतल्या दिरुताने १५९३ मध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात चांगले सूर आणि वाईट सूर अशी विभागणी आहे, आणि चांगल्या सुरांना चांगली बोटं, वाईटांना वाईट बोटं लावायची. त्यातला 'वाईट' म्हणजे हलका.

२ नोव्हेंबर, पाडवा

पहाटेच्या कार्यक्रमाला दादरला गेले होते. जुनी हिंदी-मराठी गाणी. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तलं एक गाणं सुरू झालं आणि सगळं सभागृह टाळ्या धरू लागलं, एकवर आणि तीनवर. ड्रमवाला मात्र स्नेअर वाजवत होता दोनवर आणि चारवर. याला बॅकबीट म्हणतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमधल्या टाळ्या, मग जॅझ, मग रॉक अँड रोल, असा तो जगभर पसरला. हलक्या मात्रांना मुद्दाम वजन द्यायचं. पण त्याची गंमत येते ती एक आणि तीन जागेवर असतात म्हणूनच. बेस आणि पायाचा ड्रम ती जागा राखतात, स्नेअर त्यांच्याशी भांडतो. सभागृहाने नकळत ते भांडण पूर्ण केलं.

'अलबेला' १९५१चा. त्यात पडद्यावर ट्रंपेट घेऊन दिसतात ते चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे अंतोनियो वाझ. मुंबईच्या सिनेमासंगीतात स्टाफ नोटेशन आणणारे, सेक्शनला बार मोजायला शिकवणारे बहुतेक लोक गोव्याचे. चर्चच्या शाळेत सोल्फेज गाऊन आणि व्हायोलिन घासून तयार झालेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं आणि १९५८ मध्ये मुंबईत भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. रेकॉर्डिंगच्या दिवशी साठ-साठ वादक एकाच टेकमध्ये जुळत, कारण प्रत्येकापुढच्या कागदावर बार होते आणि तिसरी मात्रा सगळ्यांची एकाच जागी होती. आपण संगीतकारांची नावं पाठ म्हणतो, या मंडळींची म्हणत नाही. म्हणायला हवीत.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

संध्याकाळी विठ्ठलमंदिरात भजन. टाळ-पखवाज ऐकताना एक विचार डोक्यात घोळत राहिला, तो लिहून ठेवते.

आपल्याकडे मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवताना सर्रास सांगतात की ४/४ म्हणजे केरवा. सोपं पडतं म्हणून सांगतात. मी लहानपणी तबला शिकले, त्यामुळे हे मला खटकतं. केरव्याच्या आठ मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. त्रितालात सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीवर खाली. नववीला हाताने ताल धरताना टाळी पडत नाही, हात बाजूला फिरतो, आणि खालीच्या विभागात डग्ग्याचा घुमारा काढून घेतात. म्हणजे आवर्तनाच्या ऐन मध्यावर आपण वजन काढतो. गायक ती उणीव ऐकतो आणि समेकडे निघतो.

कॉमन टाइममध्ये ऐन मध्यावर, तिसऱ्या मात्रेला, वजन देतात. मध्यबिंदू दोन्हीकडे महत्त्वाचा, पण एकीकडे तो रिता, दुसरीकडे भरलेला. हा फरक लहान नाही. तबला शिकलेली मुलगी पियानोवर तिसरी मात्रा हलकी करते, कारण तिच्या हाताला खालीची सवय असते, आणि मग सगळं वाक्य लंगडतं. पियानो शिकलेला मुलगा त्रितालाला बसला की नववीवर जोर देतो आणि समेची वाट पाहण्यातली सगळी चव घालवतो. दोघांचाही दोष नाही. त्यांना एकच गोष्ट म्हणून दोन गोष्टी शिकवल्या गेल्या.

आणखी एक. आपलं आवर्तन लांब, बार आखूड. चार-चार बारची वाक्यं होतात तेव्हा सोळा मात्रा भरतात खऱ्या, पण त्या चारही बारच्या पहिल्या मात्रा आपापल्या जागी जड असतात. नवव्या मात्रेला तिथे खाली नाही, नवा बार आहे.

भजन संपेपर्यंत मी टाळकऱ्यांच्या हातांकडेच बघत होते.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. बोटाला शाई लावून दुपारी तालमीला. आज पहिल्यांदा व्हायोलिनवाले आले. त्यांच्या मागे उभं राहून पाहिलं, बारच्या पहिल्या मात्रेला सगळे गज एकदम खाली येतात. हा नियम लिओपोल्ड मोझार्टने १७५६ च्या आपल्या व्हायोलिनच्या पुस्तकात घालून दिला आहे. गज धरलेल्या हाताशी जाड असतो, हाताचं वजन तिथेच पडतं, म्हणून खाली ओढलेला सूर आपोआप जड लागतो. वर ढकललेला हलका. जड-हलक्याचं सगळं शास्त्र त्या मनगटात.

सरांचा हात आज नीट पाहिला. एकला सरळ खाली. दोनला डावीकडे, अंगाशी. तीनला अंगासमोरून उजवीकडे, दूरवर. चारला वर, परत एकच्या तयारीला. चारही हालचालींत आडवी लांब रेघ तिसरीचीच. सोप्रानोंना लांबूनसुद्धा दिसते. गर्दीत कुणी चुकलं तर एकची वाट न पाहता तिसरीवर परत येता येतं, हे आज आल्टोंनी करून दाखवलं.

२७ नोव्हेंबर

सरांकडे लाकडी मेट्रोनोम आहे. लय ठरवेपर्यंत चालू ठेवतात, गाणं सुरू झालं की बंद. अ‍ॅम्स्टरडॅमच्या विंकेलने १८१४ मध्ये याची कल्पना काढली, मेल्झेलने तिला मोजपट्टी जोडून १८१५ मध्ये पेटंट घेतलं. बेथोव्हनने १८१७ मध्ये आपल्या आठ सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. उपयोगाचं यंत्र, पण त्याची प्रत्येक टिकटिक सारखी.

एका तरुण टेनरने विचारलं, कॉमन टाइमच्या चिन्हातून उभी रेघ गेली की काय होतं? त्याला कट टाइम म्हणतात. मिनिम, म्हणजे दोन क्रॉचेटचा सूर, हे मोजायचं माप होतं, हात चारऐवजी दोनदा चालतो, आणि दुसरा ठोका पडतो तो जुन्या तिसरीच्याच जागी. बेथोव्हनच्या 'मूनलाइट'ची पहिली संथ गत अशा रेघेच्या चिन्हाने लिहिलेली आहे. पुष्कळ जण ती चारात मोजून वाजवतात आणि ती जड होते.

४ डिसेंबर

नौदल दिन. सकाळी टीव्हीवर बँडचं संचलन. चाराच्या मार्चमध्ये डावं पाऊल एकवर आणि तीनवर पडतं, उजवं दोनवर आणि चारवर. म्हणजे पायांना हे आधीपासून ठाऊक आहे.

बँडवरून मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर आठवले. 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. ते बँडवर वाजत नाही हा आक्षेप होता, म्हणून त्यांनी चाल बांधून, पाश्चात्त्य नोटेशन करून, प्रत्यक्ष वाजवून दाखवण्याची तयारी केली. नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी या विषयावर निवेदन केलं तेव्हा वाद्यवृंदाला आणि बँडला काय वाजवता येतं हाच मुद्दा पुढे होता. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' ठरलं आणि 'वंदे मातरम्'ला समान मान मिळाला. मास्तरांच्या त्या खटपटीबद्दल मराठीत आणखी लिहिलं जायला हवं.

११ डिसेंबर

भाचीचा मोठा भाऊ संगणकावर गाणी करतो. गॅरेजबँड उघडलं की काही न विचारता समोर येतं: १२० ची लय आणि ४/४. जगभर खोल्या-खोल्यांतून रोज असं किती संगीत त्या आखलेल्या चौकटीत जन्माला येत असेल. चौकट वाईट नाही. पण मुलगा चार खोके सारख्या जोराने भरतो. मी त्याला एवढंच म्हटलं, तिसऱ्या खोक्याचा आवाज थोडा वाढव, दुसऱ्या-चौथ्याचा कमी कर. त्याने करून पाहिलं आणि तेच चार सूर चालायला लागले. मग त्याने उलटं करून पाहिलं, दोन-चार वाढवले, आणि नाचायला लागला. दोन्ही बरोबर. निवड त्याची, पण आता ती कान देऊन केलेली.

१८ डिसेंबर

शेवटची तालीम. 'हालेलुया'च्या अखेरीस, शेवटच्या संथ वाक्याआधी, हँडेल सगळ्यांना एकदम गप्प करतो. त्या शांततेतही बार चालू असतो, आणि तो मोजायचा असतो. आज कुणी घाई केली नाही.

घरी आल्यावर संगीत शिक्षकांसाठी चार ओळी लिहिल्या, त्या इथेच उतरवते, उद्या भाचीच्या टीचरना आणि माझ्या जुन्या तबल्याच्या क्लासला पाठवणार आहे. मुलांना केरवा शिकवा तो केरवा म्हणून, त्याची खाली दाखवून. कॉमन टाइम शिकवा तो कॉमन टाइम म्हणून, त्याची तिसरी मात्रा दाखवून. पहिल्याच तासाला दोन्ही ताल हाताने धरून घ्या, एकदा मध्यावर हात फिरवून आणि एकदा मध्यावर टाळी देऊन. त्याला पाच मिनिटं लागतात. आणि शक्य असेल तर त्याच तासाला बाखचं ते प्रिल्यूड ऐकवा, मुलांना बोटांवर मोजू द्या, आणि मंद्र सूर कुठे कुठे येतो ते त्यांचं त्यांना शोधू द्या.